हिवाळ्यातली घरची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकते, पहाटे पंखा नकोसा होतो आणि बागेबद्दलचे प्रश्न बदलतात. पावसाळ्यात बुरशी आणि गोगलगाईंनी हैराण झालेले लोक आता पानं का पिवळी पडतात, तुळस का वाळते, मेथी कधी टाकायची असं विचारू लागतात. इथली उत्तरं महाराष्ट्रातल्या गच्च्या, बाल्कन्या आणि छोट्या अंगणांसाठी आहेत. बर्फाच्या देशांत हिवाळा म्हणजे बाग झाकून ठेवण्याचा काळ. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात भरघोस हंगाम आहे आणि तो वाया जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडच्या थंडीने झाडं मरतात का?

फार थोडी. निफाड परिसरात काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आसपास कधीकधी दव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो, विदर्भातही थंडीची लाट चांगलीच बोचते. अशा जागी नाजूक झाडांना आडोसा हवा. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथली थंडी बहुतेक झाडं सहज सोसतात. मुंबई, ठाणे आणि कोकणात तर थंडी झाडांना हवीहवीशीच असते.

या दिवसांत घरच्या बागेत झाडं दगावतात ती मुख्यतः दोन कारणांनी: पाणी जास्त होतं आणि ऊन कमी पडतं. खालच्या बऱ्याच उत्तरांत हीच दोन कारणं पुन्हा पुन्हा येतील.

पाणी किती आणि कधी घालायचं?

वार ठरवून घालू नका, मातीला विचारा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कुंडी उचलण्याजोगी असेल तर वजनावरूनही कळतं, थोड्या दिवसांत हाताला अंदाज बसतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंडीत वरचा थर कोरडा आणि फिकट दिसतो, पण दोन इंच खाली चिखल असतो. वर वर पाहून पाणी घालणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

गोंधळ आणखी एका गोष्टीने वाढतो. जास्त पाण्याने मुळं कुजली की झाडाला पाणी वर ओढता येत नाही आणि ते तहानेल्या झाडासारखंच मलूल दिसतं. घरातलं माणूस कळवळून आणखी तांब्याभर ओततं. माती ओली आणि झाड मान टाकलेलं असं दिसलं, तर पाणी ताबडतोब थांबवा, कुंडीखालची बशी काढा, तळाचं भोक मोकळं आहे का पाहा आणि माती हलकी उकरून हवा खेळू द्या.

वेळ सकाळची, ऊन अंगावर आल्यानंतरची. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर थंडगार साचून राहतं आणि पानांवर ओल राहिली तर बुरशीला आमंत्रण मिळतं. मातीच्या कुंड्या लवकर सुकतात, प्लास्टिकच्या आणि ग्रो बॅग ओल धरून ठेवतात, म्हणून एकाच गच्चीवर सगळ्यांना सारखं पाणी घालणं चुकीचं आहे.

देशावर थंडीच्या दुपारी हवा फार कोरडी असते, हे मात्र विसरू नका. टांगत्या छोट्या कुंड्या, मेथी-पालकाचे उथळ ट्रे आणि नुकती लावलेली रोपं यांना रोज पाणी लागू शकतं.

गच्चीवर जिथे चांगलं ऊन यायचं तिथे आता सावली का?

सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. २१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, म्हणजे माथ्यापासून बराच खाली. गच्चीच्या दक्षिण बाजूचा कठडा तीन फूट उंच असेल तर त्याची दुपारची सावली गच्चीवर जवळजवळ पावणेतीन फूट पडते. त्या कठड्याला चिकटून ठेवलेल्या कुंड्या दिवसभर अंधारात राहतात. त्या उचलून उत्तरेकडच्या कठड्यापाशी न्या, तिथे पूर्ण ऊन मिळेल.

बाल्कनीचा हिशेब याच नियमाने उलटतो. दक्षिणेकडच्या बाल्कनीत मे महिन्यात वरच्या स्लॅबमुळे ऊन येत नाही, पण डिसेंबरमध्ये ते थेट आतल्या भिंतीपर्यंत पोहोचतं. अशी बाल्कनी असेल तर हिवाळी भाजी आणि फुलं नक्की लावा. उत्तरेकडच्या बाल्कनीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे पालेभाजीचा हट्ट न धरता नेचे, मनी प्लांट, स्पायडर प्लांट ठेवा.

नोव्हेंबरच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर चक्कर मारून उन्हाच्या जागा खडूने आखा. रोपं आणण्याआधी करायचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

कुंडीत कोणत्या भाज्या लावाव्यात?

पहिल्यांदाच करत असाल तर मेथीपासून सुरुवात करा. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले तर तीन-चार दिवसांत उगवतात आणि २५ ते ३० दिवसांत भाजी हाती येते. चार इंच खोल ट्रेसुद्धा पुरतो. सगळी एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने एकेक ट्रे पेरत जा. पालक महिनाभरात कापणीला येतो आणि वरून कापत राहिलं तर तीन-चार वेळा फुटतो. शेपू, चाकवत, राजगिरा, लाल माठ हेही सोपे. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचल्या तर तीन-चार आठवड्यांत पात खुडता येते, पण गड्डे हवे असतील तर चार महिने धीर धरावा लागेल.

मुळा ४० ते ४५ दिवसांत, नवलकोल दोन महिन्यांच्या आत, बीट सव्वादोन महिन्यांत, गाजर साधारण तीन महिन्यांत तयार होतं. गाजर आणि मुळा जागेवरच पेरा. रोप उपटून दुसरीकडे लावलं की मूळ दुभंगतं आणि गाजराला पाय फुटतात. बीटचं एक 'बी' म्हणजे खरं तर अनेक बियांचा गुच्छ असतो, म्हणून एका जागी तीन-चार रोपं येतात. त्यांतलं एक ठेवून बाकीची काढावीत. काढलेली कोवळी पानं कोशिंबिरीत छान लागतात.

नवलकोल कुंडीवाल्यांनी जरूर लावावा. आठ इंची कुंडीत एक गड्डा आरामात होतो आणि जागा लवकर मोकळी होते. कोबी-फ्लॉवरला मोठी कुंडी, भरपूर खत आणि तीन महिने लागतात. फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा झाला की त्याचीच पानं वर मुडपून बांधा, नाहीतर उन्हाने तो पिवळा पडतो.

मटाराला सुतळीचा किंवा जाळीचा आधार हवा. घरच्या चार कुंड्यांतून किलोभर मटार निघणार नाहीत, पण वेलीवरून तोडलेली शेंग तिथेच उभं राहून खाण्यासाठी तरी तो लावावा.

हरभरा कुंडीत येतो का?

येतो, आणि लोक तो का लावत नाहीत हे मला कोडंच आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरातले हरभरे पसरट कुंडीत पेरा. पाणी अगदी बेताचं. महिन्याभराने कोवळे शेंडे खुडा. ओली राहो वा वाळवलेली, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी ही आपल्याकडची खास थंडीतली चव आहे, आणि खुडल्यामुळे झाडाला फांद्या जास्त फुटून पुढे घाटेही वाढतात.

त्याच्या पानांवर आंबट द्रव असतो. पूर्वी शेतात रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडकं पसरून पहाटे दवासकट ते पिळून आंब गोळा करायचे आणि पोटाच्या तक्रारींसाठी जपून ठेवायचे. पाला धुतला की ही आंबट चव जाते म्हणून अनेक घरांत तो न धुताच वापरतात. घरच्या, फवारणी न केलेल्या कुंडीचा तेवढा फायदा नक्की घ्या.

भोगीची भाजी पूर्णपणे घरच्या बागेतून करायची आहे. काय कधी लावू?

हा प्रश्न मला फार आवडतो. भोगी १३ जानेवारीच्या आसपास येते, तिथून मागे मोजत या. वांग्याची रोपं आणि पावटा किंवा घेवडा सप्टेंबरमध्ये लागायला हवेत. गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. हरभरा ऑक्टोबरअखेर, म्हणजे ओले घाटे वेळेवर मिळतील. बोरं आणि तीळ बाजारातून आणायला हरकत नाही. यंदाची वेळ चुकली असेल तर निदान गाजर आणि घाटे तरी घरचे होतील असं पाहा.

कोकणात वालाला पर्याय नाही. भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि दवावर तो येतो, वेगळं पाणी जवळजवळ लागत नाही. अंगणात मोकळा तुकडा असेल तर तिथे दुसरं काही लावू नका.

डिसेंबर उजाडला. आता उशीर झाला का?

मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, मुळा, लसणाची पात आणि नवलकोल अजून खुशाल लावा. फ्लॉवर, मटार आणि गाजर डिसेंबरमध्ये लावले तर तयार होण्याच्या वेळी ऊन तापलेलं असतं. विदर्भात आणि मराठवाड्यात फेब्रुवारीतच चटके बसू लागतात, तिथे ही तीन पुढच्या वर्षीसाठी राहू द्या.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतं?

बहुधा धणे अख्खे पेरलेले असतात. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने किंवा चपलेने हलकेच रगडून त्याची दोन दलं करा, पीठ होऊ देऊ नका. मग बारा तास पाण्यात भिजवा आणि पेरून वर अर्धा इंच माती टाका. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. मेथीच्या वेगाची सवय झालेले लोक सहाव्या दिवशी माती उकरून बघतात आणि फुटलेले कोंब मोडतात.

किराणा दुकानातले धणे जुने किंवा भाजलेले असू शकतात, म्हणून बियाण्याच्या दुकानातून आणलेले बरे. कोथिंबिरीला रोज चार-पाच तास ऊन पुरतं. ४०-४५ दिवसांनी मुळासकट न उपटता कापून घेतली तर आणखी एक कापणी मिळते.

टोमॅटोला फुलं येतात, पण गळून जातात.

रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की टोमॅटोचं परागीकरण नीट होत नाही आणि फूल देठासकट गळतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत हे होणारच. कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. सकाळी दहाच्या सुमारास फुलांचा झुबका बोटाने हलका टिचकावला तरी फळधारणेला मदत होते. खत वाढवून मात्र काही साधत नाही, उलट नुसता पाला वाढतो.

पानांची खालची बाजू जांभळी दिसली तरी लगेच घाबरू नका. थंड मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, त्याचं हे लक्षण असतं. ऊन वाढलं की नवी पानं हिरवी येतात.

तुळशीच्या लग्नानंतर तुळस वाळायला लागते. दरवर्षी असंच होतं.

तुळस उष्ण हवेचं झाड आहे. कार्तिकात तिला भरपूर मंजिऱ्या येतात, बी धरलं की तिचं वर्षाचं काम जवळपास संपलेलं असतं आणि त्याच सुमारास थंडी पडते. पानं लहान होणं, जांभळट होणं, थोडी गळणं हे अशा वेळी साहजिक आहे.

वाचवण्यासाठी तीन कामं करा. सुकलेल्या मंजिऱ्या खुडा आणि बी कागदात बांधून ठेवा. वृंदावन अंगणाच्या सावलीत असेल तर निदान थंडीपुरती दुसऱ्या कुंडीतली तुळस दिवसभर उन्हात ठेवा. आणि पाणी कमी करा. हे तिसरं काम घराघरांत अवघड जातं, कारण रोज स्नानानंतर तुळशीला तांब्याभर पाणी घालण्याची रीत आहे आणि घरात तिघं-चौघं ते श्रद्धेने घालतात. पळीभर पाण्यानेही पूजा होते, हे घरातल्या मोठ्यांशी प्रेमाने बोलून ठरवा. जिथे पारा १० अंशांच्या खाली जातो तिथे रात्री तुळशीवर जुनी सुती ओढणी टाका. तरीही झाड गेलं तर फेब्रुवारीअखेर तेच बी पेरा. त्याच तुळशीची पुढची पिढी उगवेल.

शेवंतीला पानं भरपूर, कळी एकही नाही. असं का?

रात्री तिच्यावर दिवा पडतो का ते पाहा. शेवंती लहान दिवसांची वनस्पती आहे. रात्र मोठी होऊ लागली, सलग अंधार मिळाला, की तिला कळ्या धरण्याचा इशारा मिळतो. बाल्कनीतला रात्रभर जळणारा बल्ब किंवा रस्त्यावरचा दिवा अंगावर पडला तर तिच्या लेखी दिवस संपतच नाही. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली तरी पुष्कळदा कळ्या येतात. पॉइन्सेटियाची वरची पानं लाल होत नाहीत त्याचंही कारण हेच.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरचीच शेवंती वाहायची असेल तर जून-जुलैत लावलेल्या रोपांचे शेंडे ऑगस्टपर्यंतच खुडा, नंतर खुडले तर फुलं लांबतात. बहर संपल्यावर झाड जमिनीलगत कापा, पण उपटू नका. बुडाशी ज्या काश्या (नवे फुटवे) फुटतात त्यांपासूनच पुढच्या वर्षीची रोपं होतात.

गुलाबाची छाटणी राहून गेली. आता करू का?

गुलाबाची मुख्य छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात आणि त्यानंतर साधारण ४५ दिवसांनी पहिला बहर येतो. डिसेंबरमध्ये खोल छाटणी करू नका. वाळक्या आणि आतल्या बाजूला वाढणाऱ्या फांद्या काढा, उमलून गेलेलं फूल खालच्या दोन-तीन पानांसकट बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरकं कापा. कलमाच्या सांध्याखालून फुटलेली फांदी दिसली की मुळापासून काढा, ती रानटी खुंटाची असते आणि सगळा जोर खाऊन टाकते. गुलाबाला सहा तास ऊन हवंच, त्यात तडजोड नाही.

मोगरा नुसता उभा आहे, चाफ्याची पानं झडली, हळद पिवळी पडली. काढून टाकू?

मुळीच नाही! ही झाडं झोपलेली आहेत. पांढरा चाफा आणि अडेनियम पानं झाडून विश्रांती घेतात, त्यांचं पाणी जवळजवळ बंद करा. फुटबॉल लिली आणि कॅलेडियम तर जमिनीवरून नाहीसे होतात. कुंडीत नाव लिहून खोचा, नाहीतर घाईत रिकामी समजून कोणीतरी त्यातच दुसरं रोप लावतं आणि कंद कापला जातो. हळद आणि आलं यांची पानं पिवळी पडून वाळली की पाणी थांबवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत कंद काढा. त्यांतले दोन-चार जाड डोळ्यांचे कंद बियाण्यासाठी सावलीत ठेवा.

मोगऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, त्याला या झोपेतूनच फुलं मिळतात. डिसेंबरअखेर दहा-पंधरा दिवस पाणी तोडा, मग फांद्या निम्म्याने छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, वरची दोन इंच माती बदलून तिथे चांगलं कुजलेलं शेणखत भरा आणि पाणी सुरू करा. मार्चपासून ओंजळी भरतील. थंडीत त्याला खतपाणी घालून जागं ठेवलं तर उन्हाळ्यात पानंच दिसतात.

पानांवर पांढरी भुकटी आणि शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे. काय फवारू?

भुकटी म्हणजे भुरी. कोरडी थंड हवा, पहाटेचं दव आणि दाटीवाटीने ठेवलेल्या कुंड्या यांमुळे ती गुलाब, मटार, झेंडू आणि वेलांवर येते. आधी कुंड्या लांब करा, फार माखलेली पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. सुरुवातीलाच आंबट ताक दहापट पाण्यात मिसळून, गाळून चार-पाच दिवसांच्या अंतराने फवारलं तर बहुतेक वेळा भागतं. पसरलीच तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि नीमतेल एकत्र किंवा पाठोपाठ वापरू नका, पानं करपतात, दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

किडे म्हणजे मावा. आभाळ भरून आलं की दोन-तीन दिवसांत शेंडे माखतात. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मे गळून पडतात. मग ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा आणि दुपार कलल्यावर, पण पानं अंधारापूर्वी सुकतील अशा बेताने फवारा. पूड नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा नीमतेल आणि अर्धा चमचा पातळ साबण.

फवारण्याआधी पानाखाली नीट पाहा. काळ्यावर नारिंगी ठिपके असलेल्या खरबरीत, लांबट अळ्या दिसल्या तर थांबा. ती ढालकिड्याची (लेडीबगची) पिल्लं आहेत आणि मावा हेच त्यांचं अन्न. लोक त्यांनाच कीड समजून चिरडतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जास्वंदीवरचा कापसासारखा पांढरा थर हा पिठ्या ढेकूण. त्याला फवारणी दाद देत नाही, कारण अंगावर मेण असतं. जुन्या दातघासणीने साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार माखलेला शेंडा कापा आणि बुडाशी मुंग्यांची रांग असेल तर ती तोडा. मुंग्याच त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

हिवाळ्यात खत द्यायचं की नाही?

जे वाढतंय त्याला द्या, जे झोपलंय त्याला नको. पालेभाज्या, गुलाब, शेवंती, झेंडू, पिटुनिया यांना दर पंधरा दिवसांनी. शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून दहापट पाणी घालून दिली तर फरक आठवड्यात दिसतो. वास येतो, म्हणून शेजाऱ्यांची खिडकी टाळून ठेवा. पावसाने कुंडीतली बरीच अन्नद्रव्यं धुऊन गेलेली असतात, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माती उकरून प्रत्येक कुंडीत दोन मुठी कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळणं हे मूळ काम. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रव खत) करत असाल तर थंडीत ते आंबायला उन्हाळ्यापेक्षा जास्त दिवस लागतात, डबा उबदार जागी ठेवा.

कंपोस्टचा डबा थंड पडलाय, काहीच कुजत नाही.

डबा उन्हात आणा. कचरा बारीक चिरून टाका, मूठभर ताजं शेण किंवा आंबट ताक मिसळा आणि आठवड्यातून एकदा ढवळा. फार कोरडा वाटला तर पाण्याचा हबका मारा. वेग कमीच राहील, ते चालतं.

जानेवारीपासून झाडांची पानगळ सुरू होते. सोसायटीच्या आवारातला हा पाचोळा पोत्यांत भरून ठेवा. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक आणि 'प्रयोग परिवार' या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाचे प्रवर्तक श्री. अ. दाभोलकर यांनी पाचोळा मातीत जिरवण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. तरीही आपल्या शहरांत सकाळी सकाळी त्याचे ढीग पेटवले जातात. तुमच्या इमारतीत असं होत असेल तर सफाई करणाऱ्या ताई-दादांना रिकामी पोती द्या आणि कुठे ठेवायची ते सांगा. त्यांनाही धूर नकोच असतो.

थंडीची लाट आली तर काय झाकायचं?

केळी, पपई, तुळस, मिरची, अ‍ॅग्लोनेमा आणि नवी रोपं. संध्याकाळी जुनी साडी किंवा गोणपाट काठ्यांवर तंबूसारखं टाका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिकचा कागद पानांना चिकटू देऊ नका, त्याखाली पाणी साचून पानं जळतात. नाशिककडचे द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, ओली माती ऊब धरते म्हणून. घरीही लाटेच्या आदल्या सकाळी कोरड्या कुंड्यांना पाणी द्यावं. गच्चीवर शेकोटी मात्र नको.

घरातल्या कुंड्यांची वेगळी काळजी घ्यावी का?

खिडकीजवळ सरकवा, पाणी निम्म्यावर आणा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. या काळात कुंडी बदलू नका. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं.

मुलगी अमेरिकेत थंड भागात राहते. तिचा कढीपत्ता जगेल का?

जगतो, पण घरात. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास येऊ लागलं की कुंडी आत घ्यायची, दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवायची आणि हीटरच्या गरम झोतापासून लांब. पानं बरीच गळतील, कधी नुसती काठी उरेल. नखाने साल किंचित खरवडून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पाणी महिन्यातून दोन-तीनदाच, खत अजिबात नाही. दिवस फारच लहान असतील तिथे झाडांसाठीचा दिवा लावल्याने खूप फरक पडतो.

पुण्यात कुंडीत स्ट्रॉबेरी येईल का?

येईल. महाबळेश्वर-पाचगणीकडची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नर्सऱ्यांत मिळतात. आठ-दहा इंची कुंडी, सहा तास ऊन, आणि झाडाचा मधला कोंब मातीच्या वर राहील अशी लावणी. कोंब गाडला गेला की तो कुजतो. फळ मातीला टेकू नये म्हणून खाली वाळलेलं गवत पसरा. पक्ष्यांच्या आधी फळ हाती लागायला जाळी लागेल. मुंबईच्या उकाड्यात मात्र फार आशा ठेवू नका.

नर्सरीतून फुलझाडं आणली की आठवड्यात मान टाकतात.

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी परिसरातल्या नर्सऱ्यांतून पिटुनिया, डायंथस, साल्व्हिया, पॅन्सी यांची रोपं राज्यभर जातात. ती शेडनेटखाली वाढलेली असतात. घरी आणल्यावर तीन-चार दिवस सकाळच्याच उन्हात ठेवा, मग कुंडीत लावा आणि त्यानंतर पूर्ण उन्हात. मुळांभोवतीची घट्ट कोकोपीटची गुठळी बाजूंनी हलकी सैल करा. फुललेल्या रोपापेक्षा कळ्यांचं, ठेंगणं रोप निवडा. ही हंगामी फुलं एप्रिलपर्यंतचीच सोबती असतात, त्यांचं वाळणं मनाला लावून घेऊ नका. जाती पाहून ठरवायच्या असतील तर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरणारं पुष्पप्रदर्शन वहीपेन घेऊन पाहा.

चार दिवस गावाला जायचंय. पाण्याचं काय?

हिवाळ्यात चार-पाच दिवस फारसा प्रश्न येत नाही. निघण्याच्या सकाळी भरपूर पाणी द्या, कुंड्या सावलीत एकत्र करा, मातीवर पाचोळ्याचा जाड थर टाका. कुंड्या पाण्याच्या टबात ठेवून जाऊ नका. ट्रेमधल्या पालेभाज्या मात्र शेजाऱ्यांवर सोपवा आणि त्या बदल्यात एक कापणी त्यांनाच घेऊ द्या.

फेब्रुवारी संपत आला की काय आवरायचं?

मेथी-कोथिंबिरीला फुलं आली की थोडी झाडं बियांसाठी सोडून बाकीची काढा. त्या फुलांवर मधमाश्या येतात, म्हणून दोन-चार झाडं शेवटपर्यंत राहू द्या. शेवंतीच्या काश्या वेगळ्या करून निमसावलीत लावा. रिकाम्या कुंड्यांतली माती उन्हात पसरून आठवडाभर वाळवा, त्यात कंपोस्ट मिसळा आणि भेंडी, गवार, काकडी, दोडका, दुधी पेरा. पाणी आता हळूहळू वाढवा. शेडनेटच्या दोऱ्या, खांब, हुक तपासून घ्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाजारात शेडनेटला गर्दी उसळते, त्याआधी आपलं मोजमाप घेऊन ते आणून ठेवा.